पडद्याच्या फटीतून : प्रयोग कोण रंगवतं?

मागच्या अंकात तालमींबद्दल लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक प्रेक्षकांबद्दल. काहींनी प्रेक्षकांची तक्रार केली आहे, काहींनी नटांची. व्यावसायिक रंगभूमीवर मी सासू, मावशी, शेजारीण, मुख्याध्यापिका अशी कामं करत आले. नायक-नायिकेचा मोठा प्रवेश चालू असतो तेव्हा असल्या भूमिकेतली बाई कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली असते. हाताला काम, कान मोकळे. त्या मोकळ्या कानांनी मी वर्षानुवर्षं तुम्हाला ऐकलं आहे. पहिल्या घंटेआधी पडद्याच्या फटीतून तुम्हाला पाहिलंही आहे. आजचा प्रयोग कसा जाणार याचा अंदाज मी मेकअप रूममधल्या गप्पांवरून कधी बांधला नाही, त्या फटीतूनच बांधला.

प्रश्न : एकच नाटक आम्ही दोनदा पाहिलं. पहिल्यांदा रविवारी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात, पोट दुखेपर्यंत हसलो. म्हणून पाहुण्यांना घेऊन पुन्हा गेलो, तर तो एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचा प्रयोग होता. नट तेच, नाटक तेच, पण सगळं थंड. नटांनी पाट्या टाकल्या का?
— एक वाचक, डोंबिवली

पाट्या टाकणारे नट असतात, ते मी नाकारणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून इथे तसं झालं असेल असं वाटत नाही. दुसऱ्यांदा तुम्ही गेलात तो कॉन्ट्रॅक्ट शो होता. संस्थेने अख्खा प्रयोग विकत घेतला आणि पास वाटले. रविवारच्या प्रयोगाला आलेल्या माणसाने जाहिरात पाहून, घरात विचारून, बुकिंगच्या खिडकीवर प्लॅन बघून ‘मधल्या दोन द्या, खांबामागच्या नको’ असं सांगून तिकीट काढलेलं असतं. त्याचं नाटक तिथेच सुरू झालेलं असतं. वर्धापनदिनाला माणूस वर्धापनदिनासाठी येतो. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचं मनोगत. तिसरी घंटा, म्हणजे पडदा उघडायची खूण, होईपर्यंत लोकांना भूक लागलेली असते. पुढच्या रांगा पदाधिकाऱ्यांसाठी राखीव, आणि त्यातले निम्मे सत्कार उरकून निघून गेलेले. शिवाय सगळे एकमेकांच्या ओळखीचे. नवरा-बायकोच्या भांडणावर मोकळं हसायचं, तर शेजारी साहेब बसलेत.

पुढच्या रिकाम्या खुर्च्या फार महागात पडतात. हशा हॉलभर एकदम फुटत नाही. तो बहुतेक वेळा मधल्या रांगांत कुठेतरी सुरू होतो, मागे सरकतो, बाल्कनीत जाऊन मोठा होतो आणि तिथून आमच्याकडे परत येतो. मधे मोकळं रान असलं की वाटेतच विझतो. त्या दिवशी हसायला तयार असलेली माणसंही मग गप्प बसतात, कारण एकट्याचं हसू आपलं आपल्यालाच ऐकू येतं.

एक उदाहरण सांगते. एका कौटुंबिक नाटकात मी सासू होते. नवी सून चहा आणून देते. मी एक घोट घ्यायचा, कप बशीत ठेवायचा, उठायचं आणि म्हणायचं, ‘बसा, मी चहा टाकते.’ दिग्दर्शकांनी एवढंच बसवलं होतं. एका प्रयोगात कप ठेवल्यावर त्याचा कान मी बोटाने सहज पलीकडे फिरवला, आणि पुढच्या रांगांतली कुणी बाई खुदकन हसली. तिला काय दिसलं ते मला तिच्या हसण्यामुळे कळलं. पुढच्या प्रयोगापासून मी कान मुद्दाम फिरवायला लागले. ती जागा त्या बाईने मला दिली. तिला हे कधीच कळणार नाही.

पुढे त्या जागेवर दोन हशे पडायला लागले. पहिला कान फिरला की खालून, कारण माझं बोट खालच्यांनाच दिसायचं. दुसरा वाक्यावर, बाल्कनीतून. आता पहिला हशा चढत असताना वाक्य टाकलं तर वरच्यांना ते ऐकू जात नाही. तो पार विरेपर्यंत थांबलं तर प्रवेश थंड पडतो. तो उतरायला लागला की बोलायचं. हे तालमीत येत नाही, कारण तालमीत तुम्ही नसता.

तुमच्या त्या थंड प्रयोगात काय झालं असेल ते आता पाहा. पहिला हशा आलाच नाही, म्हणून सासूने वाक्य लवकर घेतलं. त्यामुळे सुनेला नवऱ्याकडे बघायला जो क्षण मिळायचा तो गेला. तिचं बघणं गेलं म्हणून नवऱ्याचं खाली मान घालणं गेलं. असं प्रवेशामागून प्रवेश होत जातं आणि प्रयोग पळतो. मग कुणीतरी घाबरतं आणि आवाज चढवून, हातवारे वाढवून हशा खेचायला जातं. ढकलत अभिनय केला की समोरचा माणूस आणखी मागे टेकतो. तुम्हाला जे थंड वाटलं ते बहुतेक हे होतं. आळसापेक्षा भीती जास्त होती.

पुन्हा कधी अशा प्रयोगाला गेलात तर मध्यभागी बसा, आणि आवडलं तिथे हसा. समोरून पहिलं खरं हसू आलं की आम्हाला जमीन सापडते. एका कुटुंबाने अख्खा अंक उचलून धरलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : माझे आजोबा गिरणीत होते. ते सांगतात, परळच्या दामोदर हॉलला खलनायक आला की लोक त्याला शिव्या घालायचे, गाणं आवडलं की पुन्हा म्हणायला लावायचे. आता नाट्यगृहात कुजबुजलं तरी लोक वळून बघतात. मग तेव्हाचा प्रेक्षक अडाणी होता का?
— एक वाचक, परळ

मुळीच नाही. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

गिरणगावातला माणूस कोकणातून, घाटावरून येताना प्रेक्षक म्हणून शिकूनच आला होता. नमन, दशावतार ही लोकनाट्यं, शक्ती-तुऱ्याचे सामने बघत वाढलेला. शक्ती-तुऱ्यात एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातून जबाब द्यायचा. समोरची माणसं कुठल्यातरी एका बाजूची असतात. तिथे गप्प बसणं म्हणजे शाहिराचा अपमान. दशावतारात कथा तर सगळ्यांना पाठ असते. राजा काय करणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक बघतो ते हे की आजचा नट उभ्या उभ्या कसं बोलतो, समोरच्याला कसा पेचात पकडतो. अशा माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. तो परीक्षक होता, आणि शेरा तिथल्या तिथे द्यायचा.

याला शास्त्राचाही आधार आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय नाट्यप्रयोगाच्या सिद्धीबद्दल आहे. प्रयोग सफल झाला हे कशावरून ओळखायचं? तर प्रेक्षकांवरून. स्मित, अर्धं हसू, मोठं हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, एकदम उठलेला गलका, अंगावर आलेले रोमांच, जागेवरून उठणं, नटाच्या दिशेने वस्त्रं नि अंगठ्या फेकणं. सगळं नोंदलेलं आहे. चांगला प्रेक्षक कोण, तर जो आनंदाच्या प्रसंगी आनंदतो आणि शोकाच्या प्रसंगी शोक करतो. हाताची घडी घालून निश्चल बसणाऱ्याचा गौरव मला तिथे आढळला नाही.

संगीत नाटकातला वन्समोअर हा तर नटाशी चाललेला संवादच होता. पद तेच, पण दुसऱ्यांदा म्हणताना नट ते वेगळ्या अंगाने मांडायचा आणि लोक ताडून बघायचे. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. एरवी या दोघांवरून महाराष्ट्रात वाद घालणारी माणसं त्या रात्री एकाच हॉलमध्ये बसली होती. अशा श्रोत्यांपुढे उभं राहून गायचं म्हणजे काय, याचा मी विचार करते तेव्हा मला दोघांच्या धैर्याचं कौतुक वाटतं. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले.

आणि प्रेक्षक नाटकाचा अर्थसुद्धा बदलू शकतो. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. महाभारतातली गोष्ट, त्यात ना इंग्रजाचं नाव ना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं. पण लोकांनी कीचकात कर्झन पाहिला, द्रौपदीत देश पाहिला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. लेखकाच्या मनात ते होतंच, पण कागदावर नव्हतं. ते पुरं झालं हॉलमध्ये, समोरच्या माणसांत. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी संहितेवर आली, तरी सरकारची झोप उडवली होती ती खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी.

मग ही शांतता आली कुठून? बरीचशी विजेबरोबर आली. हॉलमध्ये अंधार झाला, प्रेक्षक एकमेकांना दिसेनासे झाले, आणि नाटकही दिवाणखान्यात येऊन हळू बोलायला लागलं. नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर दबक्या आवाजात भांडतात ते ऐकायचं तर शेजाऱ्याने गप्पच बसायला हवं. त्या नाटकासाठी शांतता योग्य, शक्ती-तुऱ्यासाठी आरोळी योग्य. मात्र शांत बसणारा सुसंस्कृत आणि ओरडणारा गावंढळ, ही वाटणी मला अजिबात मान्य नाही.

एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. पाळी सुटल्यावर आंघोळ करून चाळीतल्या दहा-बारा जणांचा घोळका एकत्र निघायचा, तो प्रेक्षक कुणी कल्याणला, कुणी विरारला, कुणी गावी पांगला. माणसं अजूनही नाटक बघतात. पण एकमेकांना ओळखणारा, एकत्र हसायची सवय असलेला घोळका एकदा मोडला की जाहिरात देऊन तो परत जमवता येत नाही. नमनाच्या प्रयोगांना तो थोडाफार अजून दिसतो. तुम्ही परळलाच आहात, तर आजोबांना घेऊन जा. शेजारी बसा आणि ते काय बोलतात ते ऐका.

प्रश्न : छोट्या जागेतली नाटकं बघायची सवय लागल्यापासून मोठ्या नाट्यगृहातला अभिनय मला खोटा वाटतो. हा माझा दोष की नटांचा?
— एक वाचक, विलेपार्ले

कुणाचाच नाही. तुम्ही अंतर बदललं, एवढंच.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’ने नाटकं सुरू केली. सुलभाताई आणि अरविंद देशपांडे, अरुण काकडे यांनी उभी केलेली ही संस्था. तिथे नटाच्या आणि तुमच्या मधे फारसं काही नसायचं. नटाने श्वास रोखला तर तो कळायचा. जुहूला १९७८ साली पृथ्वी थिएटर झालं, तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. त्यामुळे नटाच्या पलीकडे समोरच्या बाजूच्या माणसांचे चेहरेही तुम्हाला दिसत राहतात. ती माणसं रडली की तुम्हाला कळतं. अशा ठिकाणी भुवई उचलली तरी पुरते.

शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला मात्र भुवई दिसत नाही. तिथे मान वळवावी लागते, कधी खांदाही. त्या माणसानेही पैसे मोजलेत आणि तो दोन लोकल बदलून आलेला असू शकतो. मोठ्या हॉलमध्ये मोठं करणं ही त्याच्याबद्दलची जबाबदारी आहे. तुम्ही पुढच्या रांगेतून बघता तेव्हा तुम्हाला त्याच्यासाठी केलेला अभिनय दिसतो. पुढच्या वेळी मागे बसून बघा, आणि त्यानंतरही खोटं वाटलं तर बिनधास्त मला लिहा. मग ते खोटंच असेल.

प्रश्न : नाट्यगृहात मोबाइल जॅमर का बसवत नाहीत? आणि तीन वर्षांच्या मुलीला नाटकाला आणलं तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

जॅमर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कुणालाही बसवता येत नाही, आणि हॉलमध्ये एखादे डॉक्टर किंवा कुणाचे आजारी वडील घरी असलेला माणूसही बसलेला असतो. फोन बंद करणं तुमच्या हातात आहे. पण मला वाजण्यापेक्षा उजेडाचा जास्त त्रास होतो. वाजलेला फोन माणूस घाबरून बंद करतो. मेसेज वाचणाऱ्याचा चेहरा मात्र खालून निळा उजळून निघतो आणि रंगमंचावरून तो एकच चेहरा दिसत राहतो, तोही आमच्याकडे न बघणारा.

मुलीला बालनाट्याला जरूर आणा, मनसोक्त बोलू द्या. मोठ्यांच्या नाटकाला आणायचं तर दाराजवळच्या खुर्च्या घ्या. ती कंटाळली की बाहेर न्या, शांत झाली की परत या. तिच्यावर डोळे वटारून तिला तीन तास बसवू नका. नाट्यगृह ही शिक्षेची जागा आहे असं तिला वाटलं तर पुढची साठ वर्षं आमचं एक तिकीट गेलं.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत मुलगा फोनवर आई गेल्याचं ऐकतो आणि मित्रांना सांगतो. प्राथमिक फेरीत नेमके तिथेच लोक हसले. दिग्दर्शक म्हणतो, प्रेक्षकांना अक्कल नाही. लेखक म्हणतो, प्रसंग कापू. मी तो मुलगा करतो. मी काय करू?
— एक विद्यार्थी, माटुंगा

बाळा, कापू नका. आणि प्रेक्षकांना अक्कल नाही हे वाक्य तुमच्या ग्रुपमधून आजच्या आज हद्दपार करा. लोक चुकीच्या जागी हसतात तेव्हा ते काहीतरी सांगत असतात, फक्त काय सांगतात ते शोधावं लागतं.

आधी त्या प्रसंगाच्या मागचं पान काढ. तिथे विनोद आहे का? मित्रांची टवाळी चालली असेल, हॉल हसत असेल, आणि तो हशा उतरायच्या आतच तू बातमी सांगत असशील, तर लोक बातमीला हसलेले नाहीत, मागच्या वाक्याचंच हसू अजून संपलेलं नाही. फोनची रिंगटोन कुठली ठेवलीय तेही बघ. एखादं उडतं गाणं वाजत असेल तर तुम्ही स्वतःच त्यांना हसायला सांगितलंत. आणि हॉलमध्ये कोण होतं? प्राथमिक फेरीला तुमच्याच कॉलेजची मुलं ओरडायला आलेली असतात. तू तोंड उघडलंस की त्यांना कॅन्टीनमधला तू दिसतोस. त्यांच्यावरून अंदाज बांधू नकोस. एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये, तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांपुढे एकदा करून बघा.

आणखी एक शक्यता आहे, ती सगळ्यात चांगली. माणसं घाबरूनही हसतात. मयताच्या घरी बसलेल्या बायकांना मधूनच हसू फुटतं, तसं. ते हसू आलं तर थांब. काही करू नकोस, मोठ्याने रडू तर नकोसच. त्यांना वेळ दे. ते हसू आपलं आपण गळून पडतं आणि मग हॉल जो तुझ्याकडे येतो, तसा रडून आणता येत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘लोकांना आवडतं तेच करावं का?’ त्याचं उत्तर मी एका नटाच्या गोष्टीने देते, नाव सांगत नाही. माणूस अतिशय गुणी. जोरात चाललेल्या एका नाटकात त्याने एक पदरचं, संहितेत नसलेलं वाक्य घेतलं. मोठा हशा पडला. पुढच्या आठवड्यात दुसरं घेतलं. त्याचं बघून दुसऱ्या नटाने घेतलं. प्रत्येक ॲडिशनला टाळी होती, त्यामुळे व्यवस्थापकही खूश. वर्षभरात नाटक इतकं लांबलं की रात्रीच्या प्रयोगाला शेवटचा प्रवेश सुरू व्हायचा तेव्हा कसारा-कर्जतची मंडळी गाडीसाठी उठायला लागलेली असायची. शेवटचा प्रवेश बापलेकीचा होता, अख्खं नाटक त्याच्यासाठी लिहिलेलं. तो आम्ही दाराकडे चाललेल्या पाठींपुढे करायचो. शेवटी लेखक एके दिवशी येऊन मागे बसले, आणि दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी सगळ्यांना बोलावून संहिता पहिल्या पानापासून वाचून घेतली. पदरची वाक्यं सगळी गेली. लोक पुन्हा शेवटपर्यंत बसायला लागले.

तो नट म्हणायचा, मी तर प्रेक्षकांचंच ऐकत होतो. तो त्यांच्या आवाजाचा निम्माच भाग ऐकत होता. हशा ऐकायचा तसं हशानंतरचंही ऐकायचं. नाटकातून आलेल्या हशानंतर हॉल लगेच पुढे झुकतो, एकही खुर्ची करकरत नाही, कारण पुढे काय होतं ते त्यांना हवं असतं. ओढून काढलेल्या हशानंतर माणसं सैल होतात, मागे टेकतात, पुढच्या गंमतीची वाट बघतात. गोष्ट त्यांनी सोडून दिलेली असते. हा फरक कानाला कळतो. तुला अजून कळत नसेल तर विंगेत उभा राहून दुसऱ्यांच्या एकांकिका ऐक. नुसत्या ऐक, बघू नकोस. २५ जानेवारीच्या रात्री चतुरंग संस्थेची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा रात्रभर चालते, तिथे प्रेक्षकांच्या पसंतीलाही वेगळं बक्षीस असतं. तिथे एकाच रात्री एकाच हॉलपुढे किती वेगवेगळी नाटकं होतात, आणि तोच हॉल प्रत्येकाला कसा निराळा वागतो, ते ऐकून ये.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या चाळीस बायकांना घेऊन मी पहिल्यांदाच नाटकाला जाणार आहे. बऱ्याच जणी नाट्यगृहात कधी गेलेल्या नाहीत, मालिका बघणाऱ्या आहेत. काही सूचना कराल का?
— एक वाचक, बोरिवली

ताई, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

बोरिवलीलाच प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे, तर पहिली खेप तिथलीच करा. दादरचा प्रवास करून दमलेला माणूस पहिल्या अंकात पेंगतो. तिकिटं शक्यतो एकत्र, मधल्या रांगांतली काढा. जिला कमी ऐकू येतं तिला पुढे बसवा, म्हणजे शेजारणीला ‘काय म्हणाला’ असं विचारावं लागणार नाही. तिसऱ्या घंटेच्या आधी सगळ्यांना आत घ्या. उशिरा येणारी माणसं विजेरीच्या उजेडात रांगेतल्या गुडघ्यांवरून जातात, तेव्हा पहिल्या प्रवेशात पेरलेलं काहीच कुणाला ऐकू येत नाही, आणि मग दुसऱ्या अंकात ते उगवलं तरी कळत नाही. वेफर्सची पाकिटं मध्यंतरात उघडा. बटाटेवडाही तेव्हाच, गरम असताना.

मालिका बघणाऱ्या आहेत याची काळजी करू नका. फक्त एक गोष्ट आधी सांगून ठेवा : टीव्हीवरच्या बाईला तुम्ही दिसत नाही, ऐकू येत नाही. रंगमंचावरच्या बाईला तुम्ही ऐकू येता. हसू आलं तर दाबू नका, पदर तोंडाशी धरू नका. रडू आलं तर येऊ दे. कंटाळा आला तर तोही आम्हाला कळतो, त्यासाठी मोबाइल काढायची गरज नाही.

शेवटी उठून उभं राहून टाळ्या वाजवायची हल्ली रीत झाली आहे. मनापासून उठावंसं वाटलं तरच उठा. सगळ्याच प्रयोगांना लोक उठले तर खरोखर रंगलेला प्रयोग आम्ही ओळखायचा कशावरून?

आणि प्रयोग संपल्यावर दोघी-चौघी मेकअप रूममध्ये या, कुणी अडवणार नाही. फोटो हवा असेल तर काढू. पण ‘छान झालं’ एवढंच सांगून जाऊ नका, त्यातून आम्हाला काही मिळत नाही. कुठली जागा लक्षात राहिली ते सांगा. कुठे कळलं नाही, कुठे लांबलं, कुठल्या वाक्याला शेजारणीकडे बघितलंत, ते सांगा. पुढचा प्रयोग दोन दिवसांनी असतो, तोवर ते डोक्यात राहतं.